पहिल्या दिवशी ३५ पोरं, तिसऱ्या दिवशी ८: कबड्डीच्या मैदानावर स्वयंसेवक टिकत का नाहीत?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. गावात दरवर्षी तीन दिवस कबड्डीचे खुले सामने होतात. गेल्या वर्षी मंडळानं ३५ पोरांची स्वयंसेवक म्हणून नावं लिहिली, सगळ्यांना छापील टी-शर्ट दिले. उद्घाटनाला ३५ हजर, दुसऱ्या दिवशी निम्मे, अंतिम सामन्याला आठ. यंदा माणशी २०० रुपये रोज द्यावा का, की जेवण आणि प्रमाणपत्रावर भागवावं, हे तुम्हाला ठरवायचंय. आणि जाता जाता एक वाक्य टाकलंय: ‘आताच्या पोट्ट्यांमध्ये सेवाभावच राहिला नाही.’

या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करतो. मी यवतमाळ जिल्ह्यात २७ वर्षं पीटीचा मास्तर होतो. शाळांच्या तालुका स्पर्धा, गावोगावचे रात्रीचे सामने, दोन-तीन ठिकाणचे शंकरपट (बैलजोड्यांच्या शर्यती), यात फक्की (मैदान आखायची पांढरी पूड) मारण्यापासून ढाली घासून ठेवण्यापर्यंत सगळं केलंय. पोरं पळून जाण्याचा अनुभव मलाही भरपूर आहे. पण तुमचेच आकडे पुन्हा पाहा. ३५ पोरं पहिल्या दिवशी आपल्या पायानं आली. कुणी रोजी कबूल केली नव्हती. सेवाभाव नसता तर आलीच नसती. म्हणजे पोरांना आणायचं कसं, ही तुमची अडचण नाहीच. आलेली पोरं परत का गेली, ही आहे. येण्याची कारणं वेगळी असतात, टिकण्याची वेगळी, आणि आपण दुसऱ्या दुखण्यावर पहिल्याचं औषध देत बसतो.

येतात कशासाठी? एक तर खेळाचं वेड. स्वतः खेळलेला, नाही तर संघात निवड न झालेला पोरगा मैदानाजवळ राहायला काहीही करतो. दुसरं, दोस्त. चौघांपैकी एकाचं नाव लिहिलं की तिघं मागून येतात. तिसरं, गावाचं नाव. बाहेरगावचे संघ येणार, आपली फजिती नको. चौथं कुणी बोलून दाखवत नाही, पण गळ्यात बिल्ला असतो, माइकजवळ उभं राहायला मिळतं. त्यात वाईट काही नाही, आपणही विशीत तेच केलं.

हे फक्त आपल्याकडचं नाही. कॅनडात महिलांच्या कर्लिंग स्पर्धेतल्या (बर्फावर दगड सरकवण्याचा खेळ) स्वयंसेवकांचा एक अभ्यास १९९८ साली प्रसिद्ध झाला. त्यातही अशीच चार कारणं निघाली: काही उपयोगाचं करावं ही इच्छा, माणसांत मिसळणं, घरची-गावची चालत आलेली रीत, आणि पत्करलेली बांधिलकी. पण मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. स्वयंसेवक समाधानी होते की नाही, हे त्यांच्या मनातल्या अपेक्षांइतकंच स्पर्धेतल्या सोयी आणि आयोजन कसं होतं यावरही अवलंबून होतं. म्हणजे तुमच्या-माझ्यावर.

टी-शर्टचं म्हणाल तर २०१० च्या दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धा आठवा. निवडलेल्या सुमारे २२,००० स्वयंसेवकांपैकी जवळपास १०,००० जण ऐनवेळी सोडून गेल्याच्या बातम्या होत्या. कारणं दिली गेली ती अपुरं प्रशिक्षण आणि न पटलेलं काम. काहींनी गणवेशही परत केला नाही म्हणे. टी-शर्ट माणसाला मैदानापर्यंत आणतो, धरून ठेवत नाही.

आता मैदानावर काय होतं ते पाहू. एका गावच्या सामन्यात मी व्यवस्था पाहत होतो. वाहनं लावायला गावाबाहेरचं एक वावर घेतलं होतं, तिथं अकरावीतला एक पोरगा सकाळी दहाला उभा केला. ‘पाहून घे जरा,’ एवढंच सांगितलं. संध्याकाळी सहापर्यंत त्याला बदली द्यायचं कुणाच्या लक्षात आलं नाही, माझ्याही नाही. पाणीसुद्धा त्यानं एका गाडीवाल्याकडून मागून घेतलं. दुसऱ्या दिवशी पोरगा प्रेक्षकांत बसलेला, अंगात आमचाच टी-शर्ट. विचारलं, ‘काऊन रे, ड्युटीवर नाही गेला?’ तो म्हणाला, ‘सर, तिथून नुसता गलका ऐकू येते, सामना दिसत नाही. मले वाटे, चोरी केली म्हणून बाहेर उभं केलं.’

त्या पोराला मी रागावू शकलो नाही. खेळ पाहायला मिळेल म्हणून आलेल्याला आपण खेळापासून सगळ्यात लांब उभं केलं होतं. तुमच्या पळालेल्या २७ पैकी बरेच जण असेच निघतील, अशी माझी अटकळ आहे.

म्हणून पहिलं काम कागद घेऊन बसण्याचं. एका मैदानाला एका वेळी खरंच किती हात लागतात ते मोजा. पंच, सरपंच (गावचे नव्हे, सामन्याचे मुख्य पंच), गुणलेखक सोडून द्या, ते वेगळे. मातीचं मैदान असेल तर खडे वेचणं, पाणी शिंपडणं, पुसलेली फक्की पुन्हा मारणं याला चार जण. गुणफलकावर दोन. पुढच्या सामन्याचे संघ बोलावून बाजूला तयार ठेवायला दोन. (याच कामाअभावी रात्रीचे सामने पहाटे तीनपर्यंत लांबतात, पाहुणे उशिरा आल्यानं नाही. बरं, पाहुण्यांमुळेही लांबतात.) वजनगट असेल तर काट्यावर दोन. पिण्याच्या पाण्याला तीन. प्रथमोपचाराच्या पेटीजवळ दोन, त्यातल्या एकाला १०८ ची गाडी कोणत्या रस्त्यानं आत घ्यायची हे पाठ असायला हवं. वाहनांकडे तीन. झाले १८.

दोन पाळ्या केल्या तर ३६. म्हणजे तुमची ३५ ही संख्या जवळपास बरोबर होती, एक कमी पडतो तो तुम्ही उभे राहा. चूक झाली ती ३५ च्या ३५ जणांना एकाच वेळी मैदानात सोडण्यात. १८ जणांच्या कामाला ३५ असले की सतरा जण हात बांधून उभे राहतात, आणि त्यातला एखादा घरी गेला तर कुणाला पत्ताही लागत नाही. माझ्या मते पोरं सुटायला लागतात ती इथून. आपण गेलो तरी काही अडत नाही, हे पोराला एकदा कळलं की दुसऱ्या दिवशी तो का यावा?

पाळी तासांत मोजू नका, सामन्यांत मोजा. ‘तीन सामने तुझे, मग तू मोकळा’ हे पोरांना लगेच कळतं. पुरुषांचा पूर्ण सामना २०-५-२० मिनिटांचा, वर वेळ मागणं, वादावादी धरून तासभर जातो. तीन सामने म्हणजे अर्धा दिवस. आणि एक नियम मी कायम ठेवला: आपल्या गावचा संघ खेळत असताना वाहनतळावर आणि पाण्यावर मंडळाची मोठी माणसं उभी राहतील, पोरं सामना पाहतील. पहिल्या वर्षी यावर मंडळात बरीच कुरकुर झाली. खुर्ची सोडायची कुणाचीच तयारी नव्हती.

प्रत्येक कामापुढे एकाचं नाव लिहा आणि तो कागद मांडवाच्या खांबाला लावा. ‘पाणी: पोरं’ असं लिहू नका. ‘उत्तरेकडचा माठ, दुसरी पाळी’ आणि पुढे नाव. येणारे-जाणारे थांबून वाचतात, पोराची आई वाचते.

गुणफलकावरचा एक पोरगा आठवतो. दहावीत दोनदा अडकलेला. त्याला कुणी काही काम सांगत नसे, कारण ‘त्याले काय समजते?’ मी त्याला स्पर्धेआधी दोन संध्याकाळी शाळेच्या ओट्यावर बसवून नियम शिकवले: बोनस कधी, पकड कधी, पूर्ण संघ बाद झाला की लोणाचे दोन गुण जास्तीचे. तिसऱ्या दिवशी उपांत्य सामन्यात टेबलावरच्या नोंदीत लोणाचे ते दोन गुण धरायचे राहून गेले. फलकावर मात्र त्यानं बरोबर लावले होते. आकडे जुळेनात, आरडाओरडा झाला, पंचांनी नोंदवही उघडून चढाईवार तपासलं, आणि पोरगा बरोबर निघाला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, सामना पुढं सुरू झाला. पण पुढची सहा वर्षं गुणफलकाला मला माणूस शोधावा लागला नाही, आणि मग त्यानं पंच परीक्षेची तयारी सुरू केली.

शिकायला मिळणं ही पोरांना धरून ठेवणारी फार मोठी गोष्ट आहे आणि तिचा खर्च दोन संध्याकाळ. आपण स्वयंसेवकाला हमालीचीच कामं देतो, शिकण्याचं काही देत नाही, मग म्हणतो पोरांना रस नाही.

शंकरपटाचं उदाहरण देतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालानं पट बंद झाले ते डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाल्यावर पुन्हा सुरू झाले. मधली सात वर्षं गेली. पुन्हा पट भरला तेव्हा मी एका गावी गेलो होतो. उत्साह प्रचंड, पोरं ढिगानं. पण सुटलेली जोडी धावपट्टीच्या शेवटी कशी धरायची, गर्दी कुठून मागं रेटायची, घड्याळावर बसणाऱ्याशी कुणी बोलायचं नाही, हे माहीत असणारी माणसं सगळी पन्नाशीच्या पुढची. मधली फळीच नव्हती. हे ज्ञान वर्षाकाठी एकदा, कुणाच्या तरी बाजूला उभं राहूनच येतं. म्हणून कबड्डीतही प्रत्येक जुन्या माणसाजवळ एक नवा पोरगा द्या. जुन्यालाही त्यात मान वाटतो.

आता पैशाचं. आम्ही एका वर्षी माणशी १०० रुपये रोज देऊन पाहिला. हजेरी पूर्ण राहिली, हे खरं. पण दोन गोष्टी झाल्या. पोरं घड्याळाकडे पाहायला लागली; शेवटच्या चढाया सुरू असताना एक जण येऊन म्हणाला, ‘सर, माझे पैसे द्या, टाइम झाला.’ आणि दुसरी गोष्ट मला जास्त लागली. गावातले एक शेतकरी दरवर्षी स्वतःच्या विहिरीचं पाणी टँकरनं मैदानावर आणायचे, फुकट, कुणी न सांगता. ते तिसऱ्या दिवशी म्हणाले, ‘पोट्ट्यायले रोजी हाय, मंग माझ्या डिझेलचं काय?’ लोभी माणूस नव्हता तो. इतकी वर्षं तो देत होता ते गावासाठी देत होता. आम्ही त्याच कामाला भाव लावल्यावर त्याचं देणं अचानक बिनभावाचं ठरलं. पुढच्या वर्षी पोरांनी १५० मागितले, आमच्याकडे ते नव्हते, आणि विहिरीचं पाणीही आलं नाही. विकत आणलं.

याचा अर्थ कुणालाच पैसे देऊ नका, असा नाही. माझी फूटपट्टी साधी आहे: गावात जे काम मजुरीचं आहे, त्याची मजुरी द्या. मांडव बांधणारे, रात्रभर सामानाची राखण करणारा, संडास-मोरी साफ करणारे, बाहेरगावच्या संघांचा स्वयंपाक करणाऱ्या बचत गटाच्या बाया. दीडशे माणसांच्या पोळ्या ‘सेवा म्हणून’ लाटायला सांगणं ही सेवा नाही, लबाडी आहे. स्वयंसेवकाचा खर्चही भरून द्या, म्हणजे गाडीत पेट्रोल टाकलं, फोन लावले. खर्च देणं आणि रोजी देणं यातला फरक पोरांना व्यवस्थित कळतो.

मात्र हे परिस्थितीवर अवलंबून आहे, आणि तुमच्या गावची परिस्थिती मला माहीत नाही. डिसेंबर-जानेवारीत सामने घेत असाल तर कापसाची वेचणी सुरू असते, तूर सोंगायला आलेली असते. ज्याच्या घरी रोजच्या मजुरीवर चूल पेटते, तो पोरगा तीन दिवस फुकट उभा राहू शकत नाही, आणि त्याच्याकडून ती अपेक्षाही करू नये. त्याला संध्याकाळची एकच पाळी द्या, किंवा मजुरीचं काम देऊन रोख पैसे द्या, पण उघडपणे. आणि हरभऱ्याचं ओलित! शेतीची लाइन, म्हणजे वीज, आठवड्यात काही दिवस दिवसा असते, काही दिवस रात्री. एका वर्षी आमची सात पोरं अंतिम सामन्याच्या रात्री गायब झाली. मी दोन दिवस चिडलेला होतो. नंतर कळलं, त्या रात्री त्यांच्या फिडरवर लाइन होती, सगळे वावरात पाणी सोडत होते. तेव्हापासून सामन्यांच्या तारखा ठरवताना मी पंचांग नंतर पाहतो, लाइनीचं वेळापत्रक आधी.

जेवणाबद्दल तुम्ही विचारलंय, पण प्रश्न पदार्थांचा नाही. सप्ताहाच्या महाप्रसादात वाढणारी पोरं सगळ्यात शेवटी जेवतात आणि कुणाची तक्रार नसते, कारण तिथं वाढणारे सगळेच शेवटी जेवतात, आचारीसुद्धा. सामन्यात काय होतं? पाहुण्यांच्या ताटात गरम पोळी, वांग्याची भाजी, बुंदी. पोरांची पंगत बसेपर्यंत पातेल्याच्या तळाचा भात उरलेला. तोच भात, पण चव वेगळी लागते. आम्ही पहिल्या पाळीची पंगत पाहुण्यांच्या आधी बसवली आणि अध्यक्षांना वाढायला लावलं. एक अध्यक्ष पोळ्यांचं टोपलं घेऊन ओळीतून फिरला, त्याची गोष्ट पोरं अजून सांगतात.

आता थोडं अवघड बोलतो. झाडू कुणाच्या हातात देता, हे बघा. पत्रावळी उचलायला, मैदान झाडायला ठराविक वस्तीतल्याच पोरांना हाक मारायची आणि माइकजवळ, पाहुण्यांच्या खुर्च्यांजवळ ठराविक घरातली पोरं, असं आपल्या गावांत सहज होऊन जातं, ठरवून करायचीही गरज पडत नाही. ती पोरं भांडत नाहीत. दुसऱ्या दिवशी येत नाहीत, एवढंच. आपण गाडगेबाबांच्या मुलखातले. शेंडगावचा तो माणूस गावात शिरला की आधी स्वतः झाडू हातात घ्यायचा. आमच्याकडे नियम होता की रोज सकाळचं पहिलं झाडणं मंडळाच्या सदस्यांचं, आणि बाकी सगळी कामं पाळीनं फिरणार, माइकसकट. यानं गावातली जात गेली नाही, तसा दावा मी करणार नाही. पण दुसऱ्या दिवशीची हजेरी वाढली.

मुलींचं थोडक्यात. गुणफलक, वजनकाटा, नोंदणी यांत मुली फार नेटक्या काम करतात. अंधार पडायच्या आत पाळी संपवा, आदल्या दिवशी घरी जाऊन आईवडिलांशी बोला, आणि संडासाची वेगळी सोय आहे ना ते स्वतः बघा. तिन्ही जमत नसेल तर बोलावू नका. तसंच १८ च्या आतलं पोरगं रात्री रस्त्यावर किंवा जनरेटरजवळ उभं करू नका.

प्रमाणपत्राचं एकच सांगतो: द्यायचं असेल तर समारोपाच्या आधी द्या. एका मंडळाच्या कपाटात मी तीन वर्षांची कोरी प्रमाणपत्रं पाहिली आहेत, सही-शिक्क्यासकट, नाव तेवढं लिहायचं राहिलेलं. त्या पोरांना पुन्हा कोणत्या तोंडानं बोलवायचं? कॉलेजच्या पोरांना राष्ट्रीय सेवा योजनेत दोन वर्षांत २४० तास भरायचे असतात. तुमचं काम त्यात धरता येईल का, ते कार्यक्रम अधिकाऱ्यांना आधीच विचारा. येत असेल तर कोण किती तास होता याचं मंडळाचं पत्र छापील प्रमाणपत्रापेक्षा उपयोगाचं.

आणि आभार मानायचे ते रात्री एक वाजता, रिकाम्या खुर्च्यांपुढे नकोत. मध्यंतराच्या पाच मिनिटांत, मैदान भरलेलं असताना, निवेदकानं एवढंच म्हणावं: ‘उत्तरेकडच्या माठावर सकाळपासून अमुक उभा आहे, पाणी थंड आहे.’ नाव आणि काम, बस. शाल-श्रीफळ पाहुण्यांना ठेवा.

तुमच्या २०० रुपयांबद्दल सरळ उत्तर हवं असेल तर: यंदा सरसकट देऊ नका. ३५ जणांचे तीन दिवसांचे २१,००० होतात. त्यातले काही स्वयंपाकाच्या आणि सफाईच्या मजुरीला, काही पेट्रोलला, उरलेल्यात पोरांना गरम जेवण. त्यापूर्वी मात्र एक काम करा. गेल्या वर्षी निघून गेलेल्या २७ जणांना एकेकटं गाठा, चहाच्या टपरीवर, वावराच्या धुऱ्यावर, जिथं सापडतील तिथं. बैठक बोलावू नका, बैठकीत सगळे ‘घरी काम होतं’ म्हणतात. ‘का गेला’ असंही विचारू नका, ‘तुले कुठं उभं केलं होतं?’ एवढं विचारा आणि तो बोलेपर्यंत गप्प राहा. २७ पैकी पाच-सहा जण खरं सांगतील. ते काय म्हणाले ते इथं लिहा, मग पाळ्यांचा कागद आपण सोबत बसून करू.